रांजणाजवळ भांडायचं नाही

मलाक्का, शनिवार, १२ एप्रिल २०१४

लियान,

सोमवार, ७ एप्रिल २०१४ रोजी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मी मासळीबाजारातून घरी आले, तेव्हा मागच्या अंगणात आईची सगळी सुपं उन्हात मांडलेली होती आणि त्यांच्यावर पांढऱ्या थेंबांच्या ओळी वाळत होत्या. रांजण नळाखाली पालथा होता. तू पाटावर बसून केळीच्या पानाची पुंगळी धूत होतीस. वर गुणगुणत होतीस.

कॉन्व्हेंटच्या मदर कोलंबांनी आपल्याला शिकवलं होतं की तक्रारीच्या पत्रात आधी तारीख आणि वेळ, मग घटना, मग मागणी. विशेषणं शेवटी, आणि जागा उरली तरच. म्हणून विशेषणं राखून ठेवते. माझ्याकडे पुष्कळ आहेत.

घटना अशी. गेल्या वर्षी जूनमध्ये आईने चेहऱ्याला लावायच्या गार पावडरीसाठी तांदळाची कणी भिजत घातली, नेहमीसारखी, नेहमीच्याच रांजणात. जुलैच्या दोन तारखेला आई गेली. तेव्हापासून, आंबलेल्या कणीचा वास जावा म्हणून, त्या रांजणाचं पाणी मी बदलत आले. रोज सकाळी, चहाच्या आधी. वरची निवळ हलक्या हाताने ओतून द्यायची, खालचा चीक ढवळायचा नाही, नवं पाणी कडेने सोडायचं. हे मी वयाच्या नवव्या वर्षापासून करते आहे. तू चेंग बेंगच्या सणाला म्हणून आलीस, आईच्या कबरीवरचं गवत काढलंस, फुलं वाहिलीस, इथवर ठीक. मग मी कोळंबी आणायला गेले आणि तेवढ्यात तू तो रांजण उपसलास. चीक गाळून, फडक्यात दाबून, मोगऱ्याचं पाणी घालून थेंबसुद्धा पाडलेस. कोणाला विचारून?

मी हेच विचारलं, तर थोरल्या बहिणीकडे मान वर न करता तू म्हणालीस, "ताची, झालंय ते. वास नाहीये त्याला."

मी म्हणाले, आहे.

तू एक थेंब उचलून माझ्या नाकाशी धरलास. "नाहीये गं. कधीपासूनच नसेल. तू महिनोन् महिने नुसतं स्वच्छ पाणी बदलत बसली होतीस."

त्यावर मी जे बोलले ते मला आठवतं आणि तुलाही आठवत असणार, तेव्हा इथे पुन्हा लिहून शाई घालवत नाही. तू उठलीस, हात पुसलेस आणि म्हणालीस, "आईने ते माझ्यासाठी घातलं होतं. फोनवर सांगितलं होतं मला." आणि दुपारच्या बसने निघून गेलीस, ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी. कोळंबी मी एकटीने खाल्ली. तुझ्या वाटणीची दुसऱ्या दिवशी खाल्ली, तोवर तिची चव गेली होती.

आता फोनबद्दल. आईचा प्रत्येक फोन मी लावून दिलेला आहे. तिला आकडे दिसत नव्हते. रिसीव्हर तिच्या कानाशी मी धरायची, कारण तिचा हात थरथरायचा. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या बाईला तू सांगतेस की फोनवर काय बोलणं झालं ते तिला माहीत नाही? खरं तर नाहीच माहीत. आम्हाला पहिल्या दिवशी जे शिकवतात तेच हे. तार जोडायची आणि कान काढून घ्यायचा. घरातही सवय गेली नाही. मी रिसीव्हर धरून खिडकीबाहेर बघत असायची. म्हणजे तू काहीही सांगितलंस तरी मला खोडून काढता येणार नाही, हे तुला पुरतं ठाऊक आहे.

आणखी एक. रांजणाजवळ भांडायचं नाही, नाहीतर तांदळाचा वास जात नाही, हा आईचा नियम. बाबा आणि ती भांडायचे तेव्हा उठून पुढच्या खोलीत जायचे. म्हणून आपल्या घरातली सगळी भांडणं पाहुण्यांसमोर झाली. तू मला अंगणात, रांजणाला पाय लागेल इतक्या जवळ उभी राहून भांडायला लावलंस. हे पत्र मी पुढच्या खोलीत बसून लिहिते आहे. रांजण रिकामा असला म्हणून काय झालं.

मागणी: आई तुला फोनवर नेमकं काय म्हणाली ते लेखी कळव. तिच्या शब्दांत. तुझ्या नव्हे.

गेक निओ


मलाक्का, शनिवार, १० मे २०१४

लियान,

पत्राला उत्तर नाही. त्याऐवजी पार्सल आलं. आत कापसात गुंडाळलेली उन्हाच्या मलमाची ट्यूब. सोबत एक ओळ नाही. पाठवणाऱ्याच्या जागी तुझं नाव लिहिलेलं नसतं, तर दुकानदाराने चुकून पाठवली असं वाटलं असतं. ट्यूबवर लिहिलंय की समुद्रात पोहलं तरी निघत नाही. मी समुद्रात शेवटची कधी पोहले ते तुला माहीत आहे. मागच्या दाराची बिजागरी फार करकरायची, तिला थोडं लावून बघितलं. आता करकरत नाही. तेव्हा आभार.

रविवारी संध्याकाळी फोन वाजतो. तूच असतेस. दुसरं कोणी रविवारी मला फोन करत नाही, आणि खरं सांगायचं तर इतर वारीही नाही. मी उचलत नाही. तारेवरचं बोलणं हवेत जातं, नंतर ज्याला जे हवं ते तो म्हणाला असं ठरतं. मला कागद हवा.

शेजारच्या काक रोकियाने भिंतीवरून विचारलं, बहीण इतक्या लवकर का गेली? मी म्हटलं, तिचं काम निघालं. ती म्हणाली, "तुमच्या अंगणातलं काम तर भिंतीपलीकडून सगळं ऐकू आलं." मी तिला सांगितलं की भिंतीला कान लावणं वाईट. ती म्हणाली, "कान कशाला लावू? आवाजच एवढा होता की माझ्या कोंबड्या दोन दिवस अंडी द्यायला घाबरल्या." तेव्हा तू काय केलंस ते आता गल्लीतल्या कोंबड्यांनाही माहीत आहे.

तुझे थेंब मी फेकलेले नाहीत. वाया घालवणं आपल्याकडे नाही. वाळल्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवलेत, मध्ये मोगऱ्याच्या सुक्या कळ्या. लावलेले मात्र नाहीत. भरताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक थेंबाचं टोक किंचित डावीकडे वळलेलं आहे. आईचं असंच वळायचं. इतकी वर्षं पर्थमध्ये कार्यालयात हिशेब तपासून तुझ्या मनगटाला ते लक्षात राहिलं, याचं मला नवल वाटलं. कौतुक नव्हे, नवल.

मला ते कधी शिकवलं नाही. आठवतं ना? माझ्याकडे पाणी बदलणं. तिसऱ्या आठवड्यात तो वास असा यायचा की हात साबणाने घासूनही जायचा नाही, आणि कॉन्व्हेंटमध्ये ग्रेस पिंटो माझ्याशेजारी बसायला नकार द्यायची. तुझ्याकडे वास गेल्यानंतरचं सगळं. फुलं खुडणं, पांदानची पानं कुस्करणं, पुंगळीतून थेंब. "लियानचा हात हलका," आई म्हणायची. माझ्या हाताबद्दल ती म्हणायची की तो नेमाचा आहे. नेमाच्या हाताला मोगरा लागत नाही, हे मी लहानपणीच शिकले. मी तक्रार करत नाही. मी वस्तुस्थिती लिहिते आहे.

तुझ्या नाकाशेजारी मी एक खूण पाहिली. विचारलं तर तू म्हणालीस, डास चावला. पर्थचे डास चावल्यावर टाके घालून जातात का? तेव्हा मी पुढे काही बोलले नाही, कारण तू मला बोलायला दोनच दिवस दिलेस. डॉक्टरांनी ती ट्यूब तुला लावायला सांगितली असेल तर तूच लाव. रोज लाव, ढगाळ असलं तरी लाव. मला कशाला पाठवतेस? माझं ऊन माझ्या ओळखीचं आहे.

पहिल्या पत्रातली मागणी कायम आहे.

गेक निओ


मलाक्का, रविवार, ६ जुलै २०१४

लियान,

बुधवारी आईचं वर्ष झालं. मी टेकडीवर एकटी गेले. तू येशील अशी अपेक्षा मी ठेवली नव्हती, त्यामुळे निराश होण्याचा प्रश्न नव्हता. बस स्थानकावर मी दोन बस सोडल्या, पण त्याचं कारण त्यांत गर्दी होती.

वारा सुटला होता. मेणबत्त्या राहत नव्हत्या. लावली की विझायची. शेवटी मी छत्री उघडून त्यांच्यावर आडवी धरली आणि त्या संपेपर्यंत तशीच ओणवी बसले. मेणबत्त्या मोठ्या घेतल्या होत्या, वर्षाच्या म्हणून. दोघी असतो तर एक छत्री आईवर धरली असती आणि एक आपल्यावर. ऊन डोक्यावर होतं. जुन्या कबायाचा गळा मागून मोठा आहे, तू नेहमी म्हणायचीस की शिंप्याने कापड वाचवलं. घरी आले तेव्हा मान, कानामागे आणि पाठीचा वरचा भाग असा जळत होता की पंख्याचा वाराही सोसवेना. आरशात चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा दिसत होता. काक रोकिया म्हणाली, "अगं, कबरीवर गेली होतीस की भट्टीत?"

तुझी ट्यूब घरात होती. पण ती उन्हात जाण्याआधी लावायची, भाजल्यावर नाही. तेवढं मलाही वाचता येतं. आणि जाण्याआधी मी लावली नव्हती, कारण ती बिजागरीची होती.

मग मी डबा उघडला.

तळहातावर पाच-सहा थेंब घेतले, वर गुलाबपाणी टाकून बोटाने विरघळवले. आईचं कसं व्हायचं, साईसारखं, त्यात एकही खडा नाही, तसंच झालं. चेहऱ्याला लावलं. आधी गार, मग ताणल्यासारखं, मग वाळताना ते बारीक तडकणं. मोगरा कमी पडला आहे. तू घाईत होतीस, मी बाजारातून यायच्या आत उरकायचं होतं तुला. पण चीक चांगला धुतलेला होता. तो मी धुतला होता.

टांजोंग क्लिंगच्या किनाऱ्यावरची ती सहल मला आठवली. आपण दोघी दुपारभर पाण्यात होतो आणि संध्याकाळी रडत घरी आलो. आईने चटईवर पालथं झोपवलं आणि म्हणाली, माझे हात पिठाचे आहेत, तुमच्या पाठी तुम्हीच बघा. तू माझ्या पाठीवर लावलंस, मी तुझ्या. तू माझ्या पाठीवर बोटाने अक्षरं काढलीस आणि ओळख म्हणालीस. मी ओळखली नाहीत. बाबा आत आले, दोन पांढऱ्या पोरी बघून म्हणाले, "ही भुतं कोणाची? जेवायला घालायचं की हाकलायचं?" बाबांचा विनोद तेवढाच एक होता, पण तो त्यांनी चांगला वापरला.

बुधवारी मी मानेला लावलं, खांद्यांना लावलं. पाठीच्या मधोमध माझा हात पोचत नाही. वरूनही नाही, खालूनही नाही. लाकडी पळीला फडकं गुंडाळून प्रयत्न केला. अर्धं जमिनीवर सांडलं. काक रोकियाला बोलवता आलं असतं, पण भिंतीवरून एखादी गोष्ट मागणं वेगळं आणि पाठ उघडी करून बसणं वेगळं. ते तिच्याशी जमण्यातलं नाही.

जिथे हात पोचला तिथलं दोन दिवसांत शांत झालं. जिथे पोचला नाही तिथली कातडी आता सुटते आहे. रात्री पाठीवर निजता येत नाही. हे सहानुभूतीसाठी लिहीत नाही. तू जे बनवलंस ते नीट झालं आहे, एवढं नोंदवण्यासाठी लिहिते. न्यायाने वागायचं तर तेही लिहायला हवं.

वास नव्हता. हेही नोंदवते. डबा उघडून मी पुन्हा हुंगलं. नव्हता. पण सकाळी उठल्यावर करायला काही काम हवं की नको माणसाला? आईची मच्छरदाणी सोडायची नाही, आईचं पाणी गरम करायचं नाही, औषधाची बाटली बघायची नाही. रांजण होता. तो तू धुऊन पालथा घातलास. एप्रिलपासून मी उठते आणि नळापर्यंत जाते आणि मग उभी राहते.

पहिली मागणी कायम आहे. हे पत्रही पुढच्या खोलीतूनच.

गेक निओ


मलाक्का, रविवार, १७ ऑगस्ट २०१४

लियान,

गेल्या महिन्यात एका रविवारी मी फोन उचलला. चुकून नव्हे. तू बोलली नाहीस. मीही नाही. तुझ्याकडे कुठलातरी पक्षी दार लोटल्यासारखा ओरडत होता, आणि किटली उकळून बंद झाली. मी इतकी वर्षं लोकांच्या तारा जोडून दिल्या, पण कान काढून न घेता कोणाचं न बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं. तू फोन ठेवलास. आधी तू ठेवलास, याची नोंद असावी.

नंतर मला वाटलं, तू लिहीत नाहीस याचं कारण मी काय म्हणाले ते असेल. तेव्हा ते एकदा कागदावर येऊ दे, म्हणजे दोघींकडे एकच प्रत राहील. मी म्हणाले, "वास मारत होता तेव्हा तू कुठे होतीस? सुगंधाच्या वेळी बरी आलीस." मी तांदळाबद्दल बोलत होते. नव्हते. आईच्या आजारपणाबद्दलही बोलत होते. ते विधान मी मागे घेत नाही, कारण ते खरं आहे. पण ते रांजणाजवळ बोलायला नको होतं, आणि नाकावर टाके असलेल्या माणसाला तर मुळीच नको होतं.

आता कामाचं.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मी नवी कणी भिजत घातली. आई गेल्यानंतरची पहिली. वास सुरू झाला आहे. काक रोकियाने भिंतीवरून विचारलं, "काय मेलंय गं तुझ्या घरात? उंदीर की नवरा?" मी म्हटलं, नवरा असता तर तुलाच आधी कळलं असतं. ती हसली, मग म्हणाली, "बरं झालं. मला वाटलं, आता या घरातून वासच यायचा नाही."

पाणी मी रोज बदलते. त्या कामात मला कोणी चूक दाखवू शकत नाही. पण पुढचं मला येत नाही. दुकानातून तांदळाचं पीठ आणून मी थेंबांचा सराव केला. तुला हसायचं असेल तर हस. पुंगळीतून एकतर काही येत नाही, नाहीतर सगळं एकदम येतं. सुपावर पालींनी घाण करून ठेवल्यासारखं दिसत होतं. टोक डावीकडे वळणं राहू दे, टोकच नाही. चपटे थेंब मधून ओले राहतात आणि डब्यात बुरशी धरते, हे तुलाही माहीत आहे. नेमाचा हात इथे उपयोगाचा नाही. आई बरोबर म्हणायची, आणि मला तिचा अजून राग येतो.

वास सप्टेंबरच्या शेवटी जाईल. या वेळी तो गेला की गेला असं मी कबूल करीन, वर्षभर थांबणार नाही. ऑक्टोबर अर्धा सरला की दुपारचा पाऊस सुरू होतो, मग सुपं बाहेर ठेवता येत नाहीत. म्हणजे थेंब पाडायला दोनच आठवडे आहेत. त्या दोन आठवड्यांत कोणीतरी थेंब पाडले नाहीत तर हा सगळा चीक गटारात जाईल. तो कोणासाठी भिजत घातला आहे ते मी लिहीत नाही. तुला ऊन वर्ज्य असेल तर सकाळी आठच्या आत आणि सावलीत बसून पाड, सुपं उन्हात मी नेईन. ट्यूब तू दिवसा लावतेस, ती लावत राहा, डॉक्टरांच्या कामात मी पडत नाही. हे थेंब संध्याकाळी, घरी आल्यावर. नाकाशेजारची जागा सोडून.

तेव्हा लेखी उत्तर पाहिजे. आई फोनवर काय म्हणाली, आणि थेंब पाडायला कोण येणार आहे. पहिल्याचं उत्तर तू बनवून लिहिलंस तरी मला कळणार नाही, हे दोघींना माहीत आहे. म्हणून खरं लिही. तिने खरंच तुझ्यासाठी घातलं असेल तर तसं लिही. मला चालेल. सवय करीन.

हे पत्र मी मागे, रांजणाशेजारच्या पाटावर बसून लिहिते आहे. का, ते तुला सांगायला नको. नाक मात्र पदराने झाकलंय.

शनिवार, २० सप्टेंबर, दुपारी बारा. पोस्टमन त्या सुमाराला येतो आणि मी दारातच असते. त्याच्या आत उत्तर हातात पडायला हवं. फोन चालणार नाही. पार्सल चालणार नाही. कागद, शाई, तुझी सही, आणि येण्याची तारीख.

ताची